सही कोणाची, हात कोणाचा?

ज्याच्या हातून काम झाले त्याचे नाव त्या कामावर असावे, हे तत्त्व अमान्य करणारा मनुष्य शोधूनही सापडणार नाही. अडचण उत्पन्न होते ती हे तत्त्व आपल्या स्वतःच्या खुर्चीपाशी येऊन ठेपते तेव्हा. चित्रपटाच्या रंगभूषा-विभागात काम करणाऱ्या एका स्त्रीची हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत. हॉलिवूडच्या एका जलराक्षसाचा आणि परप्रांतात सरकारी सेवेत असलेल्या आमच्या वाचकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फारसा सुखावह नाही, म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५४ साली युनिव्हर्सल या अमेरिकन कंपनीने ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ हा चित्रपट प्रदर्शित केला. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील एका जलाशयात मासा आणि मनुष्य यांच्या सीमेवरचा एक प्राणी राहतो आणि संशोधकांची एक तुकडी त्याच्या वाटेस जाते, एवढेच त्याचे कथानक. कथानक सामान्य असले तरी तो प्राणी सामान्य नव्हता. खवल्यांनी मढलेले अंग, गालांच्या जागी कल्ले, पडद्यांनी जोडलेली बोटे आणि जाड ओठांचे ते खिन्न मुख पाहताना प्रेक्षकाला भय वाटे, आणि त्या भयातच थोडी करुणाही मिसळे. नुसते भेसूर सोंग उभे करणे फारसे कठीण नाही. भेसूर सोंगाविषयी दया उत्पन्न करणे हे कलावंताचे काम आहे. पुढे २०१७ साली गिएर्मो देल तोरो यांनी काढलेला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळवणारा ‘द शेप ऑफ वॉटर’ याच प्राण्याच्या वंशातला आहे.

हा प्राणी कोणी कल्पिला? पडद्यावरील नामावली पाहिली तर रंगभूषेपुढे एकच नाव दिसते: बड वेस्टमोर, विभागप्रमुख. परंतु त्या प्राण्याचे रूप कागदावर उतरवले ते मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने, आणि नामावलीत त्यांचा मागमूस नाही.

पॅट्रिकबाईंचा जन्म १९१५ सालचा. लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कलासंस्थेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९३९ साली त्या डिस्नेच्या चित्रशाळेत दाखल झाल्या. तेथे स्त्रियांची रवानगी बहुधा एकाच विभागात होत असे. पुरुषांनी काढलेल्या आकृत्या पारदर्शक पत्र्यांवर गिरवायच्या आणि त्यांत रंग भरायचे. त्या विभागातून वर येऊन प्रत्यक्ष चलच्चित्रणाचे काम मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत पॅट्रिकबाई होत्या. ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटात त्यांचे काम आहे. पुढे त्या युनिव्हर्सलच्या रंगभूषा-विभागात आल्या. ‘इट केम फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५३) मधील परग्रहवासीयाच्या कल्पनाचित्रांतही त्यांचा हात होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तो जलराक्षस एकट्या पॅट्रिकबाईंनी घडवला असा आमचा दावा नाही. अशा प्राण्याची वाट लांब असते. प्रथम रेखाटने, मग मातीत घडवलेला आकार, मग त्याचा प्लास्टरचा साचा, आणि शेवटी त्या साच्यात भट्टीवर भाजून काढलेल्या फेसाळ रबराचा अंगरखा. या कामात ख्रिस म्यूलर यांची मूर्तिकला होती, जॅक केव्हन यांचे कौशल्य होते. तो अंगरखा चढवून जमिनीवर बेन चॅपमन वावरले, आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग श्वास रोखून पोहले. या दोघा नटांचीही नावे पडद्यावर नव्हती! आमची तक्रार एवढीच, की अनेकांच्या श्रमाचा हिशेब एका नावावर जमा केला गेला, आणि ज्या व्यक्तीने पहिली रेघ ओढली तिच्या खात्यावर शून्य पडले.

यापुढचा भाग अधिक खेदजनक आहे. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी कंपनीने पॅट्रिकबाईंना अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवायचे ठरवले. सुंदर चित्रकर्ती आणि तिने निर्मिलेला पशू, अशी ती मूळ योजना. वेस्टमोर यांनी हरकत घेतली. तेव्हा घोषवाक्यातील ‘निर्मिती’ गेली आणि पशूंच्या सहवासात राहणारी सुंदरी एवढेच उरले. निर्मातीची सोबतीण झाली. वाचकहो, एका क्रियापदाच्या बदलाने मनुष्याची कमाई कशी हिरावली जाते, हे मसुदे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या आपणांस आम्ही समजावून सांगावे काय? पॅट्रिकबाई दौरा यशस्वी करून परतल्या. परंतु वेस्टमोर यांनी त्यांना पुन्हा काम दिले नाही. पडद्यामागील त्यांची कारकीर्द तेथेच संपली. १९९८ साली त्यांचे निधन झाले, आणि मॅलरी ओमीरा या लेखिकेने त्यांचे साद्यंत चरित्र प्रसिद्ध केले ते २०१९ साली.

आता वेस्टमोर यांच्या बाजूने जे बोलले जाते त्याचाही विचार करू. पहिला युक्तिवाद असा, की विभागप्रमुखाचेच नाव देण्याची तेव्हा रीतच होती. रीत होती, हे खरे. परंतु त्या रीतीने शेवटी कोणाचे भले केले? वेस्टमोर यांच्यापूर्वी त्याच खुर्चीवर जॅक पिअर्स होते. बोरिस कार्लोफ यांच्या चेहऱ्यावर कापूस आणि कोलोडियन यांचे थर देत, रोज सुमारे चार तास खपून, त्यांनी १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षस स्वतःच्या हातांनी घडवला. त्या पिअर्सना १९४६ च्या सुमारास कंपनीने निरोप दिला, कारण रबराचे तयार अवयव चिकटवणे अधिक स्वस्त आणि अधिक जलद होते. जी रीत खुर्चीला मान देते आणि हाताला देत नाही, ती खुर्ची काढून घेतल्यावर हाताचीही पर्वा करीत नाही. शिवाय रीत केवळ नाव न देण्याची होती. नाव निघाले म्हणून काम काढून घेण्याची नव्हती.

दुसरा युक्तिवाद आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या ओठांवर असेल. ते म्हणतील, “शासनाचा आदेश शासनाच्या नावाने निघतो. मसुदा करणारा कनिष्ठ असो वा वरिष्ठ, त्याचे नाव बाहेर येत नाही, आणि येऊही नये. मग चित्रपटाच्या विभागाला वेगळा न्याय का?” हा आक्षेप वजनदार आहे, परंतु तो आमच्याच पक्षाला बळ देतो. सरकारी अनामिकता सर्वांसाठी सारखी असते. सचिवही आदेशाचा कर्ता म्हणून मिरवत नाही. आदेश चुकला तर सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे नस्ती जपून ठेवली जाते. टिप्पणीखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे आणि तारीख असते. पन्नास वर्षांनी कोणी ती नस्ती उघडली तर पहिली सूचना कोणाची, तिला विरोध कोणी केला आणि निर्णय कोणी घेतला, हे एका पानावर वाचता येते. युनिव्हर्सलच्या त्या नामावलीला अशी आद्याक्षरे नव्हती. पॅट्रिकबाईंचा वाटा जुन्या रेखाटनांतून, छायाचित्रांतून आणि कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारातून इतरांना उकरून काढावा लागला. तेव्हा सरकारी पद्धतीचा आधार वेस्टमोर यांना घेता येत नाही. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणे आणि पदाची मर्यादा पाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

काळ बदलला हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने रंगभूषेसाठी कायमचा पुरस्कार सुरू केला तो १९८१ च्या चित्रपटांपासून, आणि पहिला मान रिक बेकर यांना ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’साठी मिळाला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा विभाग आला तो २००६ च्या चित्रपटांपासून. आमच्या विक्रम गायकवाडांनी तो ‘बालगंधर्व’ (२०११) आणि इतर चित्रपटांसाठी मिळवला. येथे मराठी रंगभूमीचा अभिमान बाळगावयास आम्हांस हरकत वाटत नाही. पडदा वर जाण्यापूर्वी नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा कोणाची हे ध्वनिक्षेपकावरून सांगण्याचा आपला प्रघात हॉलिवूडच्या जुन्या रीतीहून निश्चित सुसंस्कृत आहे.

पण हा अभिमान नाट्यगृहाच्या दारातच सोडून कचेरीत जायचे असेल तर तो कवडीमोलाचा आहे. दिल्ली, भोपाळ, कोलकाता, चेन्नई येथील आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या हाती दहा-वीस माणसांचे भवितव्य असते. बैठकीत एखादी योजना वाखाणली जाते, तेव्हा “ही मूळ कल्पना आमच्या अमुक सहायकाची” असे वाक्य किती अधिकारी उच्चारतात? आणि वरिष्ठांनी त्या सहायकाचे परस्पर कौतुक केले, तर वर्षअखेरच्या मूल्यमापन अहवालात त्याची भरपाई करणारे किती असतात? या प्रश्नांची उत्तरे आम्ही मागत नाही. ती ज्याची त्याने द्यावीत. वेस्टमोर हे कोणी राक्षस नव्हते. आपल्या विभागाचे नाव राखणारे ते एक कर्तबगार अधिकारी होते, आणि त्यांनी केले ते करण्यास विशेष दुष्टपणा लागत नाही. शांतपणे एक नाव वगळले आणि पुढच्या कामाचा कागद दुसऱ्याकडे वळवला की पुरे.

म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. सही आपली असावी. ती आपल्या अधिकाराची आहे. परंतु ज्याच्या हाताने काम झाले त्याचे नाव नस्तीत असावे, बैठकीत उच्चारले जावे आणि अहवालात निःसंकोच लिहिले जावे. पॅट्रिकबाईंना त्यांचे श्रेय मिळाले, परंतु ते घेण्यास त्या हयात नव्हत्या. आपल्या हाताखालील माणसांना ते निवृत्तीपूर्वी मिळावे, एवढे तरी आपल्या अधिकारात खास आहे.