तास घेतला, पण शिकलं कोण?

प्राध्यापक मंडळींना संशोधनासाठी रजा मिळते, फेलोशिप मिळते, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मिळायलाच हवी. संतांच्या अभंगांवर करा, कपाशीवरच्या बोंडअळीवर करा, निजामाच्या महसुलावर करा. माझा सवाल वेगळा आहे. पंधरा-वीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला, "माझ्या समोरच्या मुलांना माझा विषय नेमका कुठे अडतो?" एवढंच शोधायला कुणी एक वर्षाची सवड का देत नाही?

हे मी आमच्या नात्यातल्या एका प्राध्यापकांना बोलून दाखवलं. (ते हे वाचतीलच, आणि रात्री फोनही करतील!) ते हसले. म्हणाले, "मावशी, ते बी.एड.वाल्यांचं काम. त्याला रिसर्च म्हणत नाहीत."

मंडळी, सगळी गोम इथेच आहे. आपल्याकडे बारावीला शिकवायचं तर एम.ए.च्या जोडीला बी.एड. लागतं. त्याच इमारतीत एक जिना चढून एफ.वाय.ला शिकवायचं तर नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर पाच प्रश्न असतात, तेवढंच. एक पाठ कुणासमोर घेऊन दाखवावा लागत नाही. आता मला सांगा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीचा पेपर दिलेलं पोर जूनमध्ये वरच्या मजल्यावर गेलं की त्याचं डोकं बदलतं का? आम्ही शाळेत टाचणं काढली, घटक चाचणी झाली की कोणत्या प्रश्नाला किती मुलं चुकली याचे तक्ते केले. नैदानिक चाचणी, उपचारात्मक अध्यापन... शब्द जड, काम साधं. मूल कुठे चुकलं ते बघायचं आणि का चुकलं ते विचारायचं. वरच्या मजल्यावर हे काम हलकं कसं काय ठरलं?

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली मी नातवाकडून छापून घेतली आणि चष्मा पुसून पुसून वाचली. पदोन्नतीसाठी शिकवण्याचं मोजमाप त्यात असं आहे: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगलं', ७० ते ८० च्या मध्ये असले तर 'समाधानकारक', त्याखाली असमाधानकारक. झालं! त्या तासांत कोण काय शिकलं, हा रकानाच नाही. शोधनिबंधाला मात्र गुण आहेत, विज्ञानात ८ आणि भाषा-मानव्यविद्यांत १०. दूधवाल्याने किती खेपा घातल्या ते मोजायचं आणि दूध कसं आहे ते बघायचंच नाही, असा हा हिशेब. मग पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं, त्याला आवर घालायला आयोगाला याद्या कराव्या लागल्या, आणि २०२५ मध्ये ती केअर यादीही बंद झाली. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात नावीन्यपूर्ण अध्यापनाचा उल्लेख आला, बरं वाटलं. पण आपल्याकडे नावीन्य म्हणजे भिंतीवरचा मोठा पडदा. असो.

गुलमंडीवरच्या आमच्या घरी, मी निवृत्त झाल्यावर, संध्याकाळी कॉलेजची दोन-चार मुलं-मुली येऊन बसत. गंगापूर, कन्नड, पैठणकडची, खोली करून राहणारी. खाली रिक्षांचे हॉर्न आणि वर आमचा अभ्यास. त्यातली एक मुलगी अर्थशास्त्राच्या चाचणीची वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं, "गरिबांना घर हवे असते, म्हणून घराला गरिबांची मागणी सर्वात जास्त असते." त्यावर लाल फुली. बाकी काही नाही.

मी अर्थशास्त्राची नाही, मराठीची. पण शब्द बघायची सवय. तिला विचारलं, "मागणी म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "बाई, मोर्च्यात नाही का म्हणत, आमच्या मागण्या मान्य करा!" बरोबरच होतं तिचं. तिच्या जगात मागणी म्हणजे गरज बोलून दाखवणं. अर्थशास्त्रातली मागणी इच्छेबरोबर ऐपत मागते, आणि पैसे खर्च करायची तयारीही. हा फरक तिला कुणी सांगितला नव्हता, कारण हा फरक सांगावा लागतो हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या एका शब्दावर पुढचे सगळे आलेख उभे असतात. तिने ते औरंगपुऱ्यातून आणलेल्या गाईडातून पाठ केले, आणि वर्षाखेरीस त्याच पेपरात राहिली. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. घरी मागणी आली होती, तिसऱ्याच अर्थाची.

आमचे प्राध्यापक म्हणतात तसं हे बी.एड.वाल्यांचं काम असतं तर मला करता आलं असतं. नाही आलं! शब्दापर्यंत मी पोचले. पण मागणीची लवचिकता शिकताना हीच समजूत कुठे आडवी येईल, ते मला सांगता येईना. त्याला विषय मुरलेला माणूस लागतो, आणि शेकडो उत्तरपत्रिका तपासलेला लागतो. म्हणून हे काम अनुभवी प्राध्यापकाचंच आहे.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० सालीच म्हणून ठेवलं की अध्यापन हीदेखील विद्वत्ता मानली पाहिजे. पुढे ली शुलमन अध्यक्ष असताना कार्नेगी फाउंडेशनने १९९८ मध्ये अनुभवी प्राध्यापकांसाठी फेलोशिप सुरू केली. इतिहास, गणित, रसायन अशा वेगवेगळ्या विषयांचे लोक, प्रत्येकाचा आपल्याच वर्गाविषयीचा एक प्रश्न, आणि त्यावर एकमेकांशी चर्चा. त्यांच्यातलेच एक, रँडी बास, यांनी एक मार्मिक गोष्ट मांडली. संशोधनात "माझ्यासमोर एक समस्या आहे" म्हटलं की लोक कौतुकाने ऐकतात. शिकवण्यात तेच म्हटलं की वाटतं, या माणसात काहीतरी कमी आहे. आमच्याकडच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मोठ्याने वाचायला हवं!

लांब कशाला, मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं. त्याने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या शाळांमध्ये काम केलं, आणि मुलांना विज्ञान अडतं तिथे पुष्कळदा भाषाच अडते, याकडे लक्ष वेधलं. शाळेसाठी हे झालं. कॉलेजच्या मुलाने काय घोडं मारलं?

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. आपल्याकडे अशी योजना आली की तिचंही प्रमाणपत्र होईल, मुलांना वीस प्रश्नांची प्रश्नावली वाटतील, टक्केवारी काढतील, बाइंडिंग करतील. होईल ना, खरं आहे! म्हणून अटी घाला. वर्ग सोडायचा नाही, फक्त तास निम्मे करायचे. मुलांच्या वह्या, नावं झाकून, दुसऱ्या कॉलेजच्या सहकाऱ्यांसमोर ठेवायच्या. जो उपाय फसला तोही लिहायचा. आणि याला पदोन्नतीचे गुण एकही नाहीत. मग बघू कोण अर्ज करतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: निम्मे तास घ्यायचे कुणी? जागा रिकाम्या, आणि तासिका तत्त्वावरच्या पोरांच्या जिवावर विभाग चाललेले. त्यातले काही जण तर पंधरा वर्षं तासिकेवरच आहेत. माझं म्हणणं, पहिली फेलोशिप यांनाच द्या. पहिल्या वर्षाचे वर्ग पुष्कळदा त्यांच्याच गळ्यात असतात. मुलं कुठे अडतात ते त्यांना कायम प्राध्यापकांपेक्षा जास्त माहीत आहे, फक्त त्यांना कुणी विचारत नाही, आणि बोलले तर पुढच्या वर्षीची ऑर्डर निघेल की नाही याची धास्ती.

आमचं विद्यापीठ १९५८ साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मराठवाड्याच्या मुलांसाठी घरचं विद्यापीठ हवं म्हणून ते उभं राहिलं, तेव्हा त्या मुलांचाच अभ्यास त्याने करावा, यात जगावेगळं काय मागते मी? दहा जण पुरेत. इंग्रजीचा एक, गणिताचा एक, आणि अर्थशास्त्राचा तर हवाच. पहिल्या वर्षाच्या वह्या घेऊन महिन्यातून एक शनिवार बसा. जागा नसली तर आमचा वरचा मजला मोकळाच आहे.