चाल कुणाची, ठेका कुणाचा?

आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना एक जुनी खोड आहे. जी गोष्ट समजत नाही तिला ती 'थेर' म्हणतात आणि जी समजते तिला 'संस्कृती'. तरुण मंडळींची खोडही तितकीच जुनी. वडिलांना जे आवडत नाही ते चांगलेच असले पाहिजे, असा त्यांचा ठाम समज असतो. या दोन खोडींच्या कात्रीत हल्ली एक संगीतप्रकार सापडला आहे. व्हिडिओ गेममधली चाल उचलायची, तिच्याखाली विजेच्या वाद्यांचा नाचाचा ठेका घालायचा आणि त्याला रीमिक्स म्हणायचे. वडील म्हणतात, हे संगीतच नव्हे. मुले म्हणतात, याच्यासारखे दुसरे संगीत नाही. माझे भांडण दोघांशीही आहे, कारण दोघांपैकी एकानेही ते नीट कान देऊन ऐकलेले नसते.

मी पेशाने शाळामास्तर. मागे एकदा शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या बैठकीत सातवीच्या मुलांनी नाचासाठी असेच एक रीमिक्स आणले होते. एका ज्येष्ठ गृहस्थांनी ते न ऐकताच निकाल दिला, "खेळण्यातली पिपाणी ती! तिच्यावर नाचायचे कसले?" झाले. मुलांच्या हाती हिंदी चित्रपटातले एक गाणे देण्यात आले. त्या गाण्याची चाल कुठून आली होती, याची चौकशी मात्र कुणी केली नाही. मुले बिचारी नाचली. पण त्या दिवशी ती एक गोष्ट शिकली, आणि ती आम्ही शिकवायला नको होती. मोठ्या माणसांना मत असायला ऐकण्याची गरज लागत नाही, ही ती गोष्ट.

तेव्हा आधी त्या पिपाणीचे कुळ पाहू. टेट्रिस हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव या गृहस्थांनी १९८४ साली मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तयार केला. ज्या यंत्रावर केला त्याला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून तुकडे दाखवायला त्यांनी लिखाणातले कंस वापरले. चार-चार चौकोनांचे सात आकार, ते एकामागून एक वरून पडत राहतात. फिरवून ते खाली नीट बसवायचे. आडवी ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते. ओळी भरत जाल तसतसा पडण्याचा वेग वाढतो, आणि ढीग माथ्याला टेकला की खेळ खलास. खेळाच्या मुख्य प्रकारात जिंकणे असे नाहीच. हरणे जमेल तितके लांबवायचे, एवढेच हाती. संसारी माणसाला हा खेळ निराळा समजावून सांगायला नको!

१९८९ साली निन्तेंडो या जपानी कंपनीने गेम बॉय नावाचे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्यावर टेट्रिस आला आणि त्याच्याबरोबर एक चाल देशोदेशी गेली. ती चाल कंपनीच्या कारखान्यात जन्मलेली नव्हती. 'कोरोबेइनिकी' हे रशियातले लोकप्रिय गीत, ही त्याची चाल. निकोलाय नेक्रासोव या कवीने १८६१ साली त्याच नावाची दीर्घ कविता लिहिली, तिच्यातून हे गीत निघाले. कोरोबेइनिकी म्हणजे पेटी घेऊन गावोगाव हिंडणारे फेरीवाले. गीतात एका फेरीवाल्या तरुणाची आणि एका मुलीची घासाघीस चालते, ती मालाचीही असते आणि मनाचीही. कवितेचा शेवट मात्र रक्तात होतो. अरण्यात गाठून दोघा फेरीवाल्यांना पैशासाठी ठार केले जाते आणि मुलगी वाटच पाहत राहते. हे गीत गाण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. ते संथ सुरू होते आणि पुढे पुढे त्याची लय चढत जाते, नाचणाऱ्यांची दमछाक होईपर्यंत. ज्या खेळात वेग वाढतो आणि शेवटी कोसळणे अटळ असते त्या खेळाला ही चाल किती चपखल बसली पाहा.

गेम बॉयसाठी ती बसवली हिरोकाझू तनाका यांनी. त्यांच्या हाताशी होते काय? अवघे चार आवाज. दोन आवाज चौकोनी लहरींचे, टोकदार आणि थोडे नाकात बोलणारे. तिसऱ्या आवाजाची लहर आपल्याला हवी तशी आखता येई. चौथी नुसती खरखर. एवढ्या सामग्रीत मुख्य चाल, तिची सोबतीण, खालचा खर्ज आणि ताल हा सगळा प्रपंच बसवायचा होता. गरीब घरची गृहिणी चार भांड्यांत सणाचा स्वयंपाक करते तशी ही गोष्ट आहे. तिच्या पानात पदार्थ थोडे असतील, पण एकही उगाच वाढलेला नसतो. ज्याला आमचे गृहस्थ पिपाणी म्हणाले, तिच्यामागे एक कवी, एका देशाची गाणारी-नाचणारी माणसे आणि एक कसबी कारागीर उभा आहे.

इथपर्यंत मुले माझ्यावर खूश असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

१९९२ साली ब्रिटनमध्ये 'डॉक्टर स्पिन' या नावाने टेट्रिसच्या चालीची नाचाची आवृत्ती निघाली आणि विक्रीच्या यादीत थेट सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. हे डॉक्टर म्हणजे अँड्र्यू लॉइड वेबर आणि नायजेल राइट. 'कॅट्स' आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा' या संगीत नाटकांमुळे जगाला ठाऊक झालेले तेच हे वेबर. रंगभूमीवर ज्यांनी नाव कमावले त्यांनी इथे टोपणनाव घेतले. टोपणनाव घेणे हा गुन्हा नाही, आमच्यापैकी पुष्कळ लेखक घेतात. पण खाली आपले नाव घालण्याच्या तोडीचे काम झाले आहे की नाही, हे पुष्कळदा कर्त्यालाच आधी कळत असावे, अशी मला शंका येते.

ते रीमिक्स मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकले. त्याचे श्रेय आधी देतो. चाल स्वच्छ ओळखू येते, ठेका दणकट आहे आणि पाय हलतात. पाय हलवणे हे हलके काम आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु ठेका एकदा सुरू झाला की तो आपल्या ठराविक चालीने शेवटपर्यंत चालत राहतो. लय चढत नाही. ढीग वर येत नाही. ज्या गीताचा प्राण वाढत्या वेगात होता आणि ज्या खेळाचा प्राण वाढत्या भयात होता, त्या दोघांच्या पोटातली भीती काढून टाकून वरचे हसू तेवढे ठेवले आहे. तनाकांच्या चार आवाजांत एकही जागा रिकामी सोडायला परवड नव्हती. इथे वाद्यांची सुबत्ता आहे आणि तिच्यात चाल एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूसारखी मांडून ठेवली आहे. ओळखीची चाल कानी पडली की माणसाला आपसूक आनंद होतो. हा आनंद मूळ चालीच्या पुण्याईचा. रीमिक्सने तो फक्त वटवला.

यावर मुले म्हणतील, "सर, ते नाचायला केले आहे. एवढी चिकित्सा कशाला?" अरे, नाचायला केले आहे म्हणूनच! कोरोबेइनिकीवर रशियातली माणसे नाचतच होती ना? चढत्या लयीबरोबर नाचणाऱ्याचे पाऊल चढते, श्वास चढतो, आणि आपण टिकतो की नाही ही मौज त्या नाचात असते. नाचणाऱ्याला काही समजत नाही, त्याला नुसता दणका हवा असतो, असे मानणे हा नाचणाऱ्याचा अपमान आहे. तुमचा अपमान होतो आहे आणि तुम्ही त्यावर टाळ्या वाजवता आहात, हे मला सांगायचे आहे.

मग काय, खेळाच्या संगीताला नाचाचा ठेका लावूच नये? असे कोण म्हणतो? जपानमधल्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या त्रिकुटाने १९७८ सालीच आपल्या पहिल्या तबकडीत नाणे टाकून खेळायच्या खेळांचे आवाज नाचाच्या संगीतात आणले होते. त्यांच्यापैकीच हारुओमी होसोनो यांनी १९८४ साली 'व्हिडिओ गेम म्युझिक' या नावाची तबकडी काढली. तिच्यात 'झेव्हियस' या खेळातली इवलीशी धून आहे. खेळात ती कोलूच्या बैलासारखी सारखी त्याच वाटेने फिरत असते. होसोनोंनी तिला फिरूच दिले आणि तिच्याभोवती ठेक्याचे आणि स्वरांचे थर चढवत नेले. पुनःपुन्हा येणे हा त्या धुनेचा स्वभाव आहे हे त्यांनी ओळखले आणि त्या स्वभावातूनच नाच काढला. खुद्द तनाकांनीही पुढे 'चिप तनाका' हे नाव घेऊन आपल्या लाडक्या यंत्रआवाजांतून विजेच्या वाद्यांचे संगीत केले. २०१७ साली त्यांचा 'जँगो' हा संग्रह निघाला. म्हणजे ठेका आणि खेळ यांचे हाडवैर नाही. वैर आहे ते आळसाशी.

चाल उसनी घेण्यात कमीपणा आहे असे तर मराठी माणसाने म्हणूच नये. आपले संगीत नाटक उसन्या चालींवर उभे राहिले. परंतु जुन्या नाटकांची छापील पुस्तके उघडून पाहा. पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून पुढे मूळ गाण्याचा उल्लेख केलेला सापडेल. सावकाराचे नाव वहीत मांडून मग कर्ज घेण्याची ही रीत होती. आणि घेतलेल्या चालीत नवे पद असे बसवायचे की नाटकातला प्रसंग उजळून निघावा. उसनवारीतही एक अब्रू असते, ती या दोन गोष्टींत असते. आज मुलांच्या मोबाइलमध्ये जी शेकडो रीमिक्स वाजतात, त्यांपैकी कितींच्या माथ्यावर 'चाल' लिहिलेली असते? टेट्रिसची धून गुणगुणणाऱ्या किती मुलांना फेरीवाल्याचे ते गीत ठाऊक आहे? आणि किती पालकांना?

म्हणून वाचकहो, रीमिक्सची पारख करायला मी तीन प्रश्न सुचवतो. त्यांना संगीतशास्त्राची पदवी लागत नाही. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही. पहिला प्रश्न: ही चाल मूळ खेळात कोणते काम करीत होती, हे रीमिक्स करणाऱ्याला उमगले आहे काय? दुसरा: ठेका मनातल्या मनात काढून टाकला तर त्याचे स्वतःचे असे काही मागे उरते काय? तिसरा: ज्याची चाल घेतली त्याचे नाव तो सांगतो काय? तिन्हींना 'होय' असे उत्तर आले, तर ते संगीत खेळण्यातून आले की दरबारातून याची पर्वा करू नका, खुशाल डोक्यावर घ्या. तिन्हींना 'नाही' आले, तर सगळे जग त्यावर नाचत असले तरी आपण बसून राहायला हरकत नाही.

दिवाळीच्या या चार दिवसांत घरोघर लाउडस्पीकर लागतील आणि कुठल्या तरी खोलीतून असा एखादा ठेका ऐकू येईलच. तेव्हा वडिलांनी 'बंद कर ते' असे ओरडू नये. फराळाचे ताट घेऊन त्या खोलीत जावे, मुलाशेजारी बसावे आणि ते गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. मग त्याला हे तीन प्रश्न विचारावेत. मुलाने उलट वडिलांच्या आवडत्या गाण्यांविषयीही हेच तीन प्रश्न विचारावेत. वडिलांची थोडी पंचाईत होईल. होऊ द्यावी. घरात एका गाण्यावरून तासभर कडाक्याचा वाद झाला, तर त्या घरात अजून कोणी तरी ऐकते आहे, असे मी समजेन.