फ्रिजचा आकडाही विचारा

कुत्र्यानं चावलेलं लेकरू घेऊन जुन्या शहरातली माणसं मोर्णा ओलांडून सर्वोपचार रुग्णालयात धावतात, तेव्हा तोंडात एकच प्रश्न असतो, "सुई हाये का?" आहे म्हटलं की जीव भांड्यात पडतो. आम्ही वस्तीत सांगत फिरतो की दुसराही प्रश्न विचारा, ही बाटली इतके दिवस कुठं ठेवली होती? यावर एक आजी म्हणाल्या, "बाई, औषध भेटलं हेच लय झालं. आता फ्रिज कायले पायता?"

आजींचा राग समजतो. जे मिळेल ते पदरात घ्यायची सवय आपल्या अंगात पिढ्यांपिढ्या मुरवली गेली आहे. पण पारखल्याशिवाय काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलं, ते औषधालाही लागू आहे.

कुत्रा चावल्यावर दोन वेगळी औषधं लागतात. लस शरीराला रेबीजशी लढायला शिकवते, पण त्याला आठवडा-दहा दिवस जातात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर तोवर पहारा द्यायला तयार अँटीबॉडी थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या औषधाचा डोस दर किलो वजनाला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेल्याचा २०. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सबरोबर तयार केलेली एकाच प्रकारची अँटीबॉडी, रॅबिशील्ड, दर किलोला ३.३३ युनिट पुरते. लेकराच्या बोटात किंवा ओठात औषध मावणार तरी किती? म्हणून ते थोड्या पाण्यात दाट बसवावं लागतं.

गोम या दाटपणातच आहे. अँटीबॉडी म्हणजे प्रथिन, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. अंडं एकदा उकडलं की फ्रिजमध्ये ठेवून ते परत पातळ होत नाही. औषध उन्हात उकडत नाही हे खरं, पण उष्णतेनं प्रथिनाची घडी हळूहळू मोडते. बाटलीत ती दाटीवाटीनं असल्यामुळे एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या धरतात. मग औषधाचा जोर कमी होतो, अंगावर उलटण्याची भीती वाढते. कंपन्या त्यात साखर, ग्लायसिन असे पदार्थ घालून ही चिकटाचिकटी रोखतात, पण तेही २ ते ८ अंशांच्या भरवशावर. गोठवणंही तितकंच वाईट. बर्फ धरताना पाणी बाजूला होतं आणि प्रथिनं एका कोपऱ्यात कोंबली जातात. जोरात हलवलं, फेस आला, तरी नुकसान. गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर ती बाटली वापरायचीच नाही, पण बिघडलेली प्रत्येक बाटली तशी दिसतेच असं नाही. पोलिओ लसीच्या बाटलीवर उष्णता लागली की रंग बदलणारा चौकोन असतो. अँटीबॉडीच्या बाटलीवर तो आम्ही कधी पाहिला नाही.

आरएच निगेटिव्ह बाईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात ते अँटी-डीसुद्धा अँटीबॉडीच, तिलाही हीच थंडी लागते. साप चावल्यावरचं औषध बहुधा पावडरीत येतं. पाणी काढून घेतलं की प्रथिन जास्त टिकतं, म्हणून. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं हे औषध मुंबईच्या हाफकिननं वर्षानुवर्षं बनवलं. पावडर आहे, कपाटात चालते, असं सर्रास म्हणतात. पण लेबलवरचा आकडा वाचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं जातो. पत्र्याखालची आपली खोली म्हणजे लेबलवरची "खोली" नव्हे.

हे आम्ही वरून सांगत नाही. नोकरीत असताना एका दवाखान्यात औषधांच्या फ्रिजमध्ये आमचे डबे असत, पाण्याच्या बाटल्या असत. दर वेळी दार उघडलं की आतला आकडा चढायचा. रात्री लाईट गेली तर सकाळी रजिस्टरवर अंदाजानं "५ अंश" लिहिलेलं आम्ही पाहिलं आहे, एकदोनदा स्वतः लिहिलंही आहे. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. डिझेलची मागणी वर पाठवणारी सिस्टर, आणि बोलणी खाणारीही सिस्टरच. म्हणून सांगतो, फ्रिजचा आकडा विचारताना तिच्यावर ओरडू नका. तिच्या रजिस्टरला तुमची साथ पाहिजे.

आणि "बाहेरून आणा" ही चिठ्ठी हाती आली तर? ज्या मेडिकलात चालू फ्रिज दिसतो तिथूनच घ्या. बर्फाची थैली कापडात गुंडाळून मागा, बाटली बर्फाला टेकू देऊ नका, आणि सरळ दवाखान्यात या. गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवून वाटेत दुसरं काम उरकू नका. बिल जपून ठेवा. गरिबानं एका बाटलीसाठी धावावं आणि थंडीची जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर यावी, हे आम्हाला मान्य नाही. तशी तक्रार लेखी द्या.

मात्र बाटलीबद्दल शंका आली म्हणून सुई टाळून घरी परत येऊ नका. रेबीज एकदा उमटला की माणूस जवळजवळ हमखास जातो. आधी साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा, मिरची-चुना लावू नका. लस त्याच दिवशी सुरू करा. अँटीबॉडी त्या दिवशी नसली तर लसीच्या पहिल्या सुईपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. तेवढे दिवस पाठपुरावा करा.

आमची मागणी मोठी नाही. फ्रिजच्या तापमानाचं रजिस्टर दिवसातून दोनदा भरलं जावं, लाईट गेल्यावर किती वेळ गेली तेही त्यात लिहावं, आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ते उघडं ठेवावं. कोणी नाही म्हटलं तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात अर्ज लिहायला बसू. फ्रिजचं थर्मामीटर आम्ही आणतो, कागद-पेन तुम्ही आणा.