गोळी फुकट, बोलणं रोखीने
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नागरिकांसाठी पत्रक



सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर गोळी मिळते. केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, नंबर आला की डॉक्टर झोप येते का, भूक लागते का एवढं विचारतात आणि खिडकीवर गोळ्यांची पुडी मिळते. या सोयीला आम्ही नावं ठेवत नाही. गोळीने कितीतरी घरं सावरली आहेत. पण ज्याला गोळीबरोबर, किंवा गोळीऐवजी, दर आठवड्याला पाऊण तास जाणत्या माणसासमोर बसून बोलायची गरज आहे, त्याने कुठे जायचं? त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: खासगीत बघा. आमचं म्हणणं एवढंच की हे उत्तर कायद्याला धरून नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम १८ एकदा वाचाच. परवडेल अशा खर्चात, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि राहत्या ठिकाणाहून गाठता येईल अशी सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं ते सांगतं. त्यात दवाखान्यात दाखल न होता घ्यायचे उपचारही येतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी सेवा मोफत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो. पुढे तर हे कलम आणखी स्पष्ट बोलतं. जिल्ह्यात सरकारची किमान सेवा नसेल, तर रुग्णाने जिल्ह्यातली दुसरी सेवा घ्यावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. या खर्चाचा अर्ज कुठे करायचा, नमुना कोणता, पैसे किती दिवसांत मिळतात, हे तुमच्या तालुक्यात कुणाला ठाऊक असेल तर आम्हालाही कळवा. आम्ही उपकार मानू.

आता पैशांचं बोलू. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२० लाख रुपये ठरवले गेले. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साधारण साडेआठ लाख. भागाकार तुम्हीच करा. माणशी वर्षाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि त्यात डॉक्टर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार समाजसेवक, परिचारिका, औषधं, गाडी, प्रशिक्षण सगळं बसवायचं. शिवाय हा आकडा कमाल मर्यादेचा. तेवढे आले आणि तेवढे खर्च झाले असं कुणी सांगितलेलं नाही.

राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला जवळचं रत्नागिरी. सावंतवाडीहून ते दीडशे किलोमीटरच्याही वर. म्हणून वेंगुर्ला, दोडामार्ग, सावंतवाडीची माणसं मोडलेल्या हातापासून हृदयाच्या झडपेपर्यंत सगळ्याला जशी गोव्यातलं बांबोळी गाठतात, तशी मनाच्या दुखण्यालाही तिकडेच बघतात. तिथे मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, चांगली आहे. पण ते दुसरं राज्य. बांबोळीच्याच मेडिकल कॉलेजात २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं तेव्हा आपल्याकडे केवढी ओरड झाली, आठवा. गोव्याने आपल्या माणसांचा विचार आधी केला, यात त्यांचं काय चुकलं? प्रश्न आपल्या सरकारला विचारायचा होता. तो तेव्हाही कुणी नीट विचारला नाही.

घाड्याकडे, म्हणजे देवस्की करणाऱ्या गावच्या मांत्रिकाकडे, जाणाऱ्यांना हसणारी शहाणी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही देवस्कीचं समर्थन करत नाही, आणि आजारी माणसाला मारहाण करणाऱ्याला तर तुरुंगातच घातलं पाहिजे. पण जरा बघा: घाडी वाडीतच राहतो. रात्री नऊला गेलं तरी दार उघडतो. सून काय म्हणते, जमिनीचा वाद कधीपासून, मुंबईचा भाऊ पैसे का पाठवत नाही, हे सगळं तो तासभर ऐकून घेतो, मालवणीत ऐकतो. दक्षिणा नारळ-कोंबड्याची, फार तर पाच-पन्नास रुपये जास्त. शास्त्र खोटं असेल, पण ऐकणं खरं असतं. ते खरं ऐकणं शिकलेल्या, जबाबदार माणसाकडून गावाजवळ मिळत नाही तोवर नुसत्या प्रबोधनाच्या भाषणांनी घाड्याचं दार बंद होणार नाही.

खासगीत काय पडतं? एका बैठकीची फी हजार धरा. कुठे कमी असेल, मुंबई-पुण्यात याहून बरीच जास्त आहे. नैराश्य किंवा चिंतेच्या आजारावर बोलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार साधारण बारा ते सोळा बैठका चालतात. बाराच धरल्या तरी बारा हजार. पाचशे रुपये हजेरीने आंब्याच्या बागेत फवारणी करणाऱ्याची ही चोवीस दिवसांची कमाई, आणि प्रत्येक बैठकीला बुडालेला रोज नि एसटीचं तिकीट त्यात धरलेलंच नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हेच निघालं: कुटुंबांना उपचार आणि प्रवासापायी महिन्याला हजार ते दीड हजार रुपये मोजावे लागत होते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपलं दुखणं मोजायलाही कुणी आलं नाही.) त्याच सर्वेक्षणाप्रमाणे नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते.

फी घेणाऱ्या थेरपिस्टवर आमचा राग नाही. रीतसर शिकलेली मुलगी पदवीनंतर चार-पाच वर्षं घासते, दिवसाला पाच-सहा माणसांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, भाडं भरते. तिने फुकट काम करावं असं म्हणणारे आपल्या वकिलाला तसं सांगतात का? तिची फी कुणी भरायची, हा मुद्दा आहे.

विमा कंपनी भरेल का? कायद्याचं कलम २१ म्हणतं, शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्या. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं लेखी कळवलंही. ऐकायला छान. आता तुमची पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरं वाचा. बहुतेक पॉलिसी निदान २४ तास रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. समुपदेशनासाठी कोण २४ तास खाटेवर झोपतं? म्हणजे माणूस बोलून बरा होत असेल तोवर कंपनी एक पैसा देणार नाही. त्याचं पार बिघडून त्याला दाखल करावं लागलं, की मग फाईल उघडेल. समानतेच्या नावाखाली चाललेली ही चलाखी आहे. बैठकांचा खर्च देणारं कलम प्रत्येक आरोग्य विम्यात सक्तीचं करा, ही आमची मागणी आहे. आणि दाखल रुग्णाचा दावा ‘मानसिक आहे’ म्हणून फेटाळला तर गप्प बसू नका. विमा लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

माणूस शोधणं हे आणखी वेगळं दुखणं. बोर्डांवर काहीही लिहिलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो गोळी देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नंबर मागा, खरा असेल तर तो राग न धरता देईल. ‘समुपदेशक’ मात्र कुणीही होतो. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं मन लावून काम करणारी माणसंही त्यात आहेत आणि दोन रविवारांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणारेही. अशा सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीचा वेगळा कायदा २०२१ साली झाला, तरी बोर्ड लावणाऱ्याला आजही कुणी अडवत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत, फी किती, ऐपतीप्रमाणे कमी करता का. हे विचारायला लाजू नका. लग्नात मंडपवाल्याशी घासाघीस करताना आपण कुठे लाजतो? आणि खात्रीने बरं करण्याची हमी कुणी दिली, तर तिथून सरळ उठा.

१४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर लिहून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर हा नंबर लावा, त्या माणसाला एकटं सोडू नका. पण फोन आला म्हणजे काम झालं असं सरकारने मानू नये. माजघरात बसून, मधल्या पडद्यापलीकडे सासू असताना, नवऱ्याबद्दल फोनवर बोलायचं कसं? आणि बोलायला अंगणात यावं, तर रेंज जाते.

‘आमच्या वेळी कुठे होते थेरपिस्ट, तरी जगलोच ना’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचं आदराने सांगणं आहे: सगळे नाही जगले. कोणत्या विहिरीवर कोण गेलं, कुणाला ‘अपघात’ झाला, हे प्रत्येक वाडीला माहीत आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस प्रशिक्षित समुपदेशक बसवा. कंत्राट सहा-सहा महिन्यांनी मोडू नका, कारण माणूस बदलला की रुग्णाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि दोनदा सांगितली की तिसऱ्यांदा तो येत नाही. खोलीला दार हवं, आणि ते लागायला हवं. आज काही ठिकाणी पुढचे नंबर पाठीमागेच उभे असतात, त्यातला एक हमखास गावचा निघतो. कलम २३ मधल्या गुप्ततेच्या हक्काचं तिथे काय होत असेल ते सांगायला नको. सरकारी माणूस मिळेपर्यंत जिल्ह्यातल्या नोंदणीकृत खासगी तज्ज्ञांच्या बैठकांचे पैसे सरकारने भरावेत. जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी वेगळी तरतूद करावी.

येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याला एवढंच विचारा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आपल्या जिल्ह्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समाजसेवकाची किती पदं मंजूर आहेत, त्यांतली किती आज भरलेली आहेत, ती माणसं कोणत्या वारी कोणत्या रुग्णालयात बसतात, गेल्या तीन वर्षांत निधी किती आला आणि किती परत गेला, आणि कलम १८ खाली आजवर किती रुग्णांना खासगी उपचारांचा खर्च दिला. मिळालेल्या उत्तराची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

— सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही रुग्ण, नातेवाईक आणि शिक्षक