नेमका संकल्प

वर्षप्रतिपदेस घरोघरी गुढ्या उभारतात आणि संकल्पही पुष्कळ केले जातात. ‘यंदा निसर्गाचा अभ्यास करीन,’ असे पनवेलचा एखादा विद्यार्थी ठरवितो. पण वैशाख उजाडण्यापूर्वीच तो संकल्प विरून जातो. दोष आळसाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो संकल्पाच्या मोघमपणाचा असतो. आज काय करावयाचे, हेच त्यातून उमगत नाही.

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, कर्नाळा किल्ल्याभोवतीच्या रानात, १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य स्थापन झाले. दर महिन्यास एका रविवारी वडीलधाऱ्यांसह तेथे जाऊन एक नवा पक्षी ओळखावा व त्याचे रूप, आवाज आणि दिनांक वहीत टिपावा, असे त्याच विद्यार्थ्याने ठरविले तर? दयाळ, हळद्या, तांबट, भृंगराज असे करता करता वर्षाअखेर बारा पक्षी ओळखीचे होतील. एखादा महिना चुकला, तर वहीच ते सांगेल आणि पुढील महिन्यात उणीव भरून काढता येईल.

संकल्प मोडला म्हणजे केवळ एक काम अपुरे राहते असे नाही. स्वतःच्या शब्दावरचा विश्वासही हळूहळू उडतो. म्हणून संकल्प लहान असला तरी चालेल; तो नेमका असावा आणि पाळला जावा.