येल-एनयूएसचे दप्तर खुले करावे

अध्यक्ष महोदय, सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठ, यांस


आपल्या विद्यापीठाने येल विद्यापीठाच्या सहकार्याने २०११ साली स्थापन केलेले आणि २०१३ साली १५७ विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीसह सुरू झालेले येल-एनयूएस महाविद्यालय २०२५ साली बंद झाले, याचे दुःख महाराष्ट्रातील एका अध्यापकाला का व्हावे, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे दहावीचा निकाल हाती पडताच मुलाला कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी एक शाखा पत्करावी लागते आणि उरलेल्या विद्या त्याला बहुधा जन्मभर पारख्या होतात; म्हणूनच वाङ्मय, तत्त्वज्ञान, समाजविचार, विज्ञान आणि संख्याविचार हे सारे प्रत्येकाने शिकावे, असा समाईक अभ्यासक्रम आशियाच्या भूमीवर प्रत्यक्षात आला, याचे मोल मला फार वाटते.

लिबरल आर्ट्‌सची, म्हणजे अशा बहुविध शिक्षणाची, अमेरिकन चौकट जशीच्या तशी आणून, ग्रीक ग्रंथांना अग्रपूजेचा मान आणि आशियाई ग्रंथांना पुरवणीची जागा देणे सोपे होते. त्याऐवजी वाल्मीकींचे रामायण होमरच्या ओडिसीबरोबर आणि कन्फ्यूशियस ॲरिस्टॉटलबरोबर, एकाच तोलाने वाचले गेले. वचनापायी घर सोडणारा राम आणि घराच्या ओढीने समुद्र तुडवणारा ओडिसियस ज्या विद्यार्थ्याला एकत्र भेटले, त्याला राज्य, कुटुंब आणि कर्तव्य यांविषयी जे प्रश्न पडतील, ते दोघांपैकी एकाच्याच सहवासात पडणार नाहीत.

सिंगापुरातील नागरी व राजकीय स्वातंत्र्याविषयी येलच्या अध्यापकांनी २०१२ साली ठरावाने व्यक्त केलेली चिंता निराधार होती, असे मी म्हणणार नाही. परंतु मोकळ्या वादविवादाची सवय लावणारी संस्था अशाच ठिकाणी अधिक हवी. महाविद्यालय विलीन करून बंद करण्याचा निर्णय आधी झाला आणि विद्यार्थ्यांना तो नंतर, २०२१ च्या ऑगस्टमध्ये कळला, हे त्या शिक्षणाशी विसंगत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे २०२५ मध्ये येल-एनयूएसच्या ग्रंथालयाची सुमारे पाचशे पुस्तके रद्दीत गेली आणि आपल्या विद्यापीठाने दिलगिरी व्यक्त केली. पुस्तके पुन्हा मिळवता येतील. परंतु कोणता ग्रंथ कोणत्या ग्रंथाशेजारी ठेवला, कोणती जोडी वर्गात फसली आणि ती का बदलली, हा अनुभव एकदा पांगला की पुन्हा जमवता येणार नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे मसुदे, अध्यापकांची टिपणे आणि बैठकांची इतिवृत्ते आशियातील कोणत्याही शिक्षकाला विनामूल्य वाचता येतील, अशी तजवीज आपण करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आमच्या महाविद्यालयांतून चार वर्षांच्या बहुविद्याशाखीय पदवीची आखणी चालू आहे, आणि ती करणाऱ्यांना हे कागद आजच हवे आहेत.

आपला नम्र,
एक अध्यापक