पाच वर्षांनी कुठे असाल?

मागच्या आठवड्यात मी चक्क नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेले. हो, दर आठवड्याला तुम्हाला फ्रीलान्सिंगची मजा सांगणारी मीच! समोरच्या साहेबांनी माझा सीव्ही दोनदा उलटसुलट केला. आधी न्यूज चॅनेल, मग जाहिरातीची कॉपी, मग एका संस्थेचं न्यूजलेटर, मग हा कॉलम. ‘बऱ्याच उड्या मारल्यात, मॅडम,’ ते म्हणाले. आणि मग तो जगप्रसिद्ध प्रश्न आला, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’

मी काहीतरी गुळगुळीत बोलून सुटले. पण घरी येईपर्यंत प्रश्न काही पिच्छा सोडेना. तिशी तोंडावर आलीय आणि व्हिजिटिंग कार्डावर छापायला धड एक शब्द नाही. माझी रूममेट जे.जे.त शिकलेली. तिने माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, ‘रडू नकोस गं. रविवारी घारापुरीला चल. आणि जाताना हे वाच.’ हातात दिलं ते जाडजूड पुस्तक, ‘द प्रेझेन्स ऑफ शिव’. लेखिका स्टेला क्रामरिश.

गेटवेवरून लाँचने तासभर लागतो. तेवढ्यात ते पुस्तक वाचून होणं शक्यच नव्हतं. पण बाईंची गोष्ट मात्र मी रूममेटकडून पूर्ण वदवून घेतली. आणि मनात एक खेळ सुरू झाला : आमचे इंटरव्ह्यूवाले साहेब या बाईंना भेटले असते तर?

जन्म १८९६. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या निकोल्सबर्गचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मिकुलोव्हचा. १९१९ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरेट, विषय भारतातलं सुरुवातीचं बौद्ध शिल्प. तोवर भारत पाहिलेला नाही, बरं का! पाच वर्षांनी कुठे? बाईंना तरी काय सांगता आलं असतं? पुढे इंग्लंडमध्ये त्यांची व्याख्यानं झाली, रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनचं बोलावणं दिलं आणि त्या निघाल्या. १९२४ पासून कलकत्ता विद्यापीठात शिकवायला लागल्या, त्या १९५० पर्यंत. मधल्या काळात डिसेंबर १९२२ मध्ये बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन कलकत्त्यात आलं, तेही त्यांच्याच खटपटीने.

‘द हिंदू टेम्पल’ हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला १९४६ मध्ये. वय ५०. देवळाचा आराखडा, शिखर, अंधारा गाभारा हे सगळं मिळून काय सांगतं, ते त्यांनी जुन्या शिल्पग्रंथांच्या आधारे उलगडलं. त्या ग्रंथांवर जरा जास्तच विसंबल्या, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केलीय. पण टीका करायलासुद्धा आधी हे पुस्तक उघडावंच लागतं.

आणि मग १९५०. नवरा लास्लो नेमेन्यी फाळणीनंतर पाकिस्तानात कामाला गेलेला. तिथेच त्याचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याच वर्षी बाईंनी कलकत्ता सोडलं आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायला गेल्या. ५४ व्या वर्षी नवा देश आणि एकटीचं घर. आपल्याला नवीन बॉस आला तरी झोप लागत नाही!

१९५४ पासून तिथल्या कलासंग्रहालयात भारतीय कलेच्या क्युरेटर. १९६८ मध्ये ‘अननोन इंडिया’ हे आदिवासी आणि खेड्यांतल्या कलेचं प्रदर्शन. १९८१ मध्ये शिवावरचं मोठं प्रदर्शन, वय ८४! हे माझ्या हातातलं पुस्तकही त्याच वर्षीचं. १९८२ मध्ये पद्मभूषण. १९९३ मध्ये गेल्या, ९७ वर्षांच्या होऊन.

‘बघ!’ मी खुश होऊन म्हणाले. ‘त्यांनीपण उड्याच मारल्या.’

‘शहरं बदलली,’ रूममेट म्हणाली. ‘विषय बदलला का?’

गप्प बसले. खरंच नव्हता बदलला. बंगालच्या कांथा, म्हणजे आपल्या गोधडीच्या बहिणी, जुन्या साड्यांचे थर शिवून केलेल्या. त्यांच्यावर बाईंनी १९३९ मध्ये लेख लिहिला होता आणि त्या जमवल्याही होत्या. त्यांच्या संग्रहातल्या कांथा आज फिलाडेल्फियाच्या त्याच संग्रहालयात आहेत. व्हिएन्नात सुरू झालेलं बघणं तीन खंडांत चालूच राहिलं.

लेणी आली. सदाशिवासमोर मी सवयीने दोन मिनिटांत फोटो काढून वळले. रूममेटने हात धरून खाली बसवलं. सुरुवातीला नुसताच साडेपाच मीटर उंच दगड दिसत होता. मग डोळे अंधाराला सरावले. आपण त्रिमूर्ती म्हणतो, पण हे ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत. तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डावीकडचं उग्र, हातात साप. उजवीकडचं कोमल, बाईसारखं, हातात फूल. आणि मधलं, डोळे मिटलेलं, दोघांचंही काही मनावर न घेणारं. शाळेच्या सहलीत मी हेच बघितलं होतं म्हणे! तेव्हा माकडं तेवढी आठवतात.

सोमवारी ऑफर लेटर आलं. पगार चांगलाय. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. सीव्ही पुन्हा काढून बसलेय आणि साहेबांचा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच शोधतेय : या सगळ्या उड्यांमध्ये माझ्याबरोबर कायम काय होतं? अजून अर्धंच सापडलंय. तुम्हीही जरा शोधा.

आणि हो, घारापुरीला जाच. फक्त सोमवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात.